कानबाईच्या सोमवारची बस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिटी बस थांबते. तिथे शेड नाही, पाटी नाही. एक विजेचा खांब आहे, खांबाला खेटून पानटपरी आहे आणि बस दिसली की पिशव्या सावरत धावणारी माणसं आहेत. एवढ्यावरून समजून घ्यायचं की हा थांबा. सुरतच्या पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना ते समजतं, ड्रायव्हरलाही समजतं. मोबाइलला मात्र परवापरवापर्यंत समजत नव्हतं.

तो थांबा मोबाइलवर आणला माझ्या मुलीने आणि तिच्या मित्रमंडळींनी. ही सगळी पोरं वेगवेगळ्या ऑफिसांत कॉम्प्युटरवर काम करणारी. रविवारी सुट्टी मिळाली तर माणसाने झोप काढावी, सिनेमा पाहावा. ही पोरं बसच्या मागे लागतात. बसचे मार्ग आणि वेळा यांची जी माहिती कुणालाही मोकळेपणी घेता येते ती त्यांनी घेतली, तिच्यावर एक फुकटचं अ‍ॅप बांधलं, आणि जे त्या माहितीत सापडलं नाही ते पायी फिरून स्वतः भरायला लागली. यात कुणाला दमडी मिळत नाही. माझे यजमान डाइंग मिलमधून थकून आले की विचारायचे, "आपली पोर बसनी कंडक्टर व्हयनी का काय?" आणि स्वतःच हसायचे.

मला मात्र त्या अ‍ॅपमधली एक गोष्ट फार आवडली होती. त्यात कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं. थांबा भलत्या जागी दाखवलाय, वेळ चुकलीय, रस्ता बंद आहे, काहीही असो. बटण दाबायचं, काय चुकलंय ते लिहायचं, खाली नाव टाकायचं. ग्रुपमधल्या पोरांनी ते पाहून मंजूर केलं की ते सगळ्यांना दिसायला लागतं. मी मराठी शाळेत शिकवते. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढण्यात गेलं. इथे तर अख्ख्या सुरतच्या बसभोवती गोल काढायची सोय झाली होती.

अ‍ॅप गुजराती आणि हिंदीत तयार झालं तेव्हा मुलगी म्हणाली, मराठीतही करू, तू शब्द दे. मी हौसेने दिले; ग्रुपात तिने एका ओळखीच्या शिक्षिकेने दिले एवढंच सांगितलं. दुरुस्तीच्या पानावर शेवटी एक प्रश्न असतो, त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय दुरुस्ती पुढे सरकत नाही. मुलीने तिथे 'माहितीचा स्रोत' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, बसच्या दांड्याला लटकलेल्या माणसाला कोण स्रोत विचारतं? सरळ विचार. मग तिथे मी सांगितलेला प्रश्न आला : 'तुम्हाला हे कसं माहीत?' त्या प्रश्नापुढे पहिली मीच अडखळणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. मी अमळनेर तालुक्यातली. लग्न होऊन पांडेसऱ्यात आले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात मिळेल ती हिंदी-गुजराती, असा आमचा संसार. मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा मी तिला गुजराती माध्यमात घातलं. रोज दुसऱ्यांच्या मुलांकडून मराठी बाराखडी म्हणवून घेणारी बाई स्वतःच्या मुलीला त्या वर्गात बसवत नव्हती. यजमान म्हणाले होते, "तू मास्तरीण, अन तुनीच पोर गुजराती शाळामा?" मी त्यांना भविष्याबद्दल पुष्कळ काही सुनावलं. खरं कारण मी सांगितलं नाही. बँकेत, दवाखान्यात, कपड्यांच्या दुकानात आम्ही बोलायला तोंड उघडलं की समोरच्या माणसाचा आवाज एक पायरी खाली उतरायचा, तो मला ओळखीचा झाला होता. माझ्या मुलीशी कुणी त्या आवाजात बोलू नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून घराचा नियम ठरला. उंबऱ्याच्या आत काय बोलायचं ते बोला, बाहेर गुजराती. मला 'माय' म्हणायचं नाही, 'मम्मी' म्हणायचं. कुठे राहतेस असं कुणी विचारलं तर 'उधना बाजूला' म्हणायचं; पांडेसरा म्हटलं की मिल कामगारांची वस्ती, आणि उधना लागूनच, म्हणून ते खोटंही ठरत नाही. मुलगी हुशार. तिने हे इतकं चोख उचललं की कॉलेजात आणि पुढे ऑफिसात तिच्या बोलण्यावरून ती कुठली हे कुणाला ओळखता येईना. स्टाफरूममध्ये मी ते कौतुकाने सांगायचे. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

एका रविवारी ती पोरं आमच्याच भागातले थांबे तपासायला आली. मला कल्पना नव्हती. मी चक्कीवरून दळण घेऊन येत होते. डबा कमरेवर, पदर खोचलेला, हातांवर पीठ. खांबापाशी चार-पाच जण मोबाइल हातात धरून उभे दिसले. त्यातला एक चष्मेवाला मुलगा माझ्याकडे वळला आणि गुजरातीत, फार अदबीने, मासी, बस नेमकी कुठे उभी राहते असं विचारू लागला. मी सांगितलं, टपरीच्या अलीकडे. बोलता बोलता माझी नजर त्याच्या मागे गेली. तिथे माझी मुलगी उभी होती.

तिने तोंड उघडलं. ही माझी मम्मी, असंच ती म्हणणार होती, हे मला आज पक्कं माहीत आहे. पण तिच्या नव्या पंजाबी ड्रेसवरून माझी नजर माझ्या पिठाच्या हातांवर आली, आणि मी तिच्याआधी बोलले. परक्या बाईशी बोलावं तसं मी माझ्या मुलीला म्हटलं, "बेन, जरा खसो ने." बाजूला सरका म्हणून. ती सरकली. मी डबा सावरत गल्लीत शिरले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "तू मला बेन म्हणालीस," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझी पंचाईत झाली असती." ती म्हणाली, "माझी?" मी पीठ चाळायला घेतलं.

त्यानंतर पावसाळ्यात त्या पोरांना एक चांगली गोष्ट सुचली. श्रावणापासून पुढे सुरतेत मिरवणुका सुरू होतात. त्या दिवशी रस्ते बंद असतात, बस दुसरीकडून वळवतात, आणि अ‍ॅप मात्र वेळापत्रकाप्रमाणे बस येतेय असंच दाखवत राहतं. माणूस थांब्यावर ताटकळतो. तेव्हा असे सगळे दिवस आधीच अ‍ॅपमध्ये भरून ठेवायचे. त्या दिवशी थांब्यासमोर 'रस्ता बंद, बस येणार नाही' असं लाल अक्षरांत दिसेल आणि जवळचा चालू थांबा कोणता तेही दिसेल. कोणत्या भागात कोणते दिवस, हे शोधायचं काम चष्मेवाल्या मुलाने अंगावर घेतलं. त्याने पांडेसऱ्यापुढे कानबाई लिहिली.

कानबाई ही आम्हा खान्देशी लोकांची. श्रावणात घरोघर बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला सजवतात, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला नेतात. त्या सकाळी आमच्या भागात रस्ता म्हणून काही उरत नाही. सगळीकडे बायका, बँड आणि फुगड्या. त्या मुलाला कुठूनतरी कळलं होतं की नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे कानबाईचा, दुसऱ्या दिवशी विसर्जन. ते बरोबरच होतं. त्याने घरचं गुजराती कॅलेंडर उघडलं, नागपंचमी पाहिली आणि पुढचा सोमवार भरून टाकला.

पण गुजराती लोकांची नागपंचमी येते श्रावणाच्या वद्य पक्षात. आमची येते शुद्ध पक्षात. मध्ये पंधरवडा जातो. त्या पोराने त्याच्या घरची पंचमी धरली, यात त्याची काय चूक? कुणाच्याही मनात आपल्याच घरची पंचमी असते. ती चूक एका नजरेत पकडणारं एकच माणूस त्यांच्या ग्रुपमध्ये होतं, आणि ते उधना बाजूला राहत होतं.

मी ती तारीख आषाढातच पाहिली. पोळ्या लाटताना मुलीला सांगितलं, पंधरा दिवस पुढे गेलंय बघ, आपल्या कानबाईच्या दिवशी अ‍ॅप रस्ता मोकळा दाखवणार. ती "करते" म्हणाली. काही दिवसांनी पाहिलं तर तारीख तशीच. पुन्हा विचारलं. या वेळी ती पटकन म्हणाली, "ते विचारतील ना, तुला कसं माहीत. मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याचा हक्क मी कधीच घालवून बसले होते. लहानपणापासून जिला मी हेच शिकवलं, तिला आता कोणत्या तोंडाने सांगणार, की सांग मी इथली आहे, आमच्या घरात कानबाई बसते?

मग वाटलं, मी स्वतःच करावी दुरुस्ती. बटण तर सगळ्यांसाठी आहे. शाळेतून आल्यावर एका दुपारी मोबाइल घेऊन बसले. थांबा निवडला, बरोबर तारीख लिहिली, कारण लिहिलं. खाली प्रश्न आला : 'तुम्हाला हे कसं माहीत?' मी लिहिलं, आमच्या घरी कानबाई बसते. त्याखाली माझं नाव येणार होतं, आणि माझं आडनाव तेच जे मुलीचं. तो चष्मेवाला मुलगा वाचणार, जोडणार. मी ते पुसलं. शेजाऱ्यांकडून समजलं, असं लिहिलं. स्वतःच घातलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देताना हात आखडला, तेही पुसलं. मग मोबाइल बाजूला ठेवला आणि कानबाईच्या रोटासाठी आणलेले गहू निवडायला बसले.

गहू निवडता निवडता मी मनाची समजूत घातली. कानबाईच्या दिवशी रस्ता बंद असतो हे आपल्या लोकांना सांगायची गरज काय? आपलेच लोक रस्ता अडवतात, आपल्याच लोकांना ते माहीत असतं. आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी ढोल ऐकून ओळखावं. हे मी मनात म्हटलं आणि मला ते पटलं. जे काही घडलं त्यात मला सगळ्यात जास्त लाज या पटण्याची वाटते.

कानबाईचा सोमवार उजाडला. जागराने डोळे चुरचुरत होते. आरती झाली आणि कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर आला. एकदा डोक्यावर घेतलेली कानबाई आमच्याकडे वाटेत कुठेही टेकवत नाहीत. दमलं तर एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जाते, पण जमिनीला लागत नाही. शेजारी आरतीचं ताट घेऊन मुलगी चालत होती. त्या एका दिवशी ती पूर्ण आमची असते. अहिराणी गाणी म्हणते, फुगड्या घालते, भाऊबंदांत हसते. गल्लीतून आम्ही रस्त्यावर आलो. पुढे बँड, मागे बँड, आणि रस्ताभर पाट डोक्यावर घेतलेल्या बायका.

खांबापाशी एक बाई उभी होती. आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहणारी, ओडिशाकडची. तिचा नवरा लूमवर जातो, ती घरी बसून साड्यांचे धागे कापते. नळावर भेटली की दोन शब्द बोलायची, म्हणून ओळख. तिच्या पायाशी रेक्झिनची बॅग होती, काखेत डब्याची पिशवी, हातात मोबाइल. मला पाहून तिला हायसं वाटलं. गर्दीतून वाट काढत ती माझ्याजवळ आली आणि मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "दीदी, इसमें तो दिखा रहा है, बस आ रही है."

पाट डोक्यावर असल्याने मला मान खाली करता येत नव्हती. नुसती नजर खाली करून पाहिलं. माझ्या मुलीचं अ‍ॅप. आमचा थांबा, आणि त्यासमोर हिरव्या अक्षरांत बसची वेळ.

तिची आई गावी फार आजारी होती. आदल्या दिवशी भावाचा फोन आला होता, असशील तशी निघ म्हणून. स्टेशनवरून गाडी दुपारची होती. ढोल तिने सकाळपासून ऐकले होते, पण मोबाइल बस येणार म्हणत होता, आणि तो आजवर कधी चुकला नव्हता, म्हणून रिक्षा न शोधता ती तिथेच थांबली होती. हे सगळं तिने बँडच्या आवाजात, माझ्या कानाशी ओरडून सांगितलं.

मी म्हटलं, "नहीं आएगी. आज रास्ता बंद है. हमारी देवी का दिन है."

ती माझ्या डोक्यावरच्या देवीकडे पाहत राहिली. मग अजिबात न चिडता म्हणाली, "तो इसमें क्यों नहीं लिखा?"

मी मुलीकडे पाहिलं. तिने आरतीच्या ताटाकडे पाहिलं. आमच्या दोघींमध्ये बोलायला शिकवण्याचा पगार घेणारी एक होती आणि ते अ‍ॅप बांधणारी एक, आणि दोघींच्या तोंडून शब्द फुटला नाही. मागच्या बायका पुढे ढकलत होत्या. पाट खाली ठेवता येत नव्हता आणि थांबताही येत नव्हतं. यजमानांनी तिची बॅग उचलली, मागच्या गल्ल्यांतून मोठ्या रस्त्याकडे जाऊ, रिक्षा पाहू म्हणाले आणि तिला घेऊन गेले. मी पुढे चालत राहिले. बायका गात होत्या, त्यांच्याबरोबर माझे ओठही हलत होते.

आम्ही विसर्जन करून आलो तरी यजमान परतले नव्हते. आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. चपला काढत एवढंच म्हणाले, "गाडी निंघी गयी." त्या बाईला तिच्या खोलीवर सोडून ते आले होते. गाडी चुकली म्हणून ती रडली नाही, माझीच माफी मागत होती म्हणे, तुमचा सणाचा दिवस माझ्यामुळे वाया गेला म्हणून. दुसऱ्या दिवशी ती कशीबशी जागा मिळवून गेल्याचं समजलं.

त्या सोमवारी ती एकटी अडकली नव्हती. अ‍ॅपवर लोकांनी तक्रारी लिहिल्या, काही नुसत्या शिव्याच होत्या. चष्मेवाल्या मुलाने चूक कशी झाली ते शोधून काढलं आणि अ‍ॅपवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की मी चुकीची पंचमी धरली, दोष माझा आहे. तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्या थांब्यावरच्या लोकांना भेटून बोलायचं, असं त्याने ठरवलं आणि मुलीला बरोबर यायला सांगितलं. वाटेत कधीतरी मुलीने त्याला सांगून टाकलं की तिचं घर त्याच गल्लीत आहे. अशा रीतीने तो आमच्या घरी आला.

दारात मला पाहताच त्याने ओळखलं. थांबा दाखवणारी मासी. तो माझ्याकडून मुलीकडे आणि मुलीकडून माझ्याकडे पाहत राहिला, पण काही बोलला नाही, चांगल्या घरचा होता. मी त्याला खुर्ची दिली. घरात रोट होता, कानबाईचा प्रसाद, पण तो आम्ही भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाही. चूक आमची होती, आणि ती स्वतःची म्हणत जो माफी मागायला आला होता, त्याच्यापुढे मी दुकानातली बिस्किटं ठेवली.

चहा घेताना त्याने विचारलं. त्यात आरोप नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, पुढे अशी चूक टाळायची कशी. "मासी, तमने खबर हती?" तुम्हाला माहीत होतं का, की तारीख चुकलीय?

मी उत्तर देणार होते. निदान मला तसं वाटतं. पण माझ्याआधी मुलगी बोलली, जशी खांबापाशी तिच्याआधी मी बोलले होते.

"मने खबर हती," ती म्हणाली. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, मम्मीला मोबाइलमधलं काही येत नाही.

ज्या अ‍ॅपमधला मराठीचा शब्द न् शब्द माझा होता, ते मला उघडतासुद्धा येत नाही, असं माझी मुलगी एका परक्या मुलाला सांगत होती. तो माझ्याकडे पाहून समजुतीने हसला. आपल्या आईचंही असंच आहे, असं काहीतरी तो म्हणाला. तेवढ्यात मला बोलता आलं असतं. मी कप उचलले आणि आत गेले. आत भांडी घासायच्या आवाजात बाहेर काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तो गेल्याचा आवाज तेवढा आला.

मी बाहेर येऊन मुलीला विचारलं, का सांगितलंस असं. ती बिस्किटांचं ताट उचलत होती. म्हणाली, "तुझी पंचाईत झाली असती."

शब्द माझेच होते. टोमणा मारायचा म्हणून तिने ते वापरले नव्हते. खरंच मला वाचवायचं म्हणून ती तसं बोलली होती, आणि हेच मला सहन होईना. माणसाला वाचवायचं म्हणजे त्याला झाकायचं, एवढं एकच तिला तिच्या आईकडून मिळालं होतं.

गणपती झाल्यावर ओडिशाची बाई परत आली. मी तिला टाळत होते. नळावर जायची माझी वेळ मी बदलली, शाळेतून येताना लांबच्या गल्लीने यायला लागले. शेवटी तीच एका संध्याकाळी दाराशी आली. केस मागे घट्ट बांधलेले, चेहरा उतरलेला. हातात कागदाची पुडी होती. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्यापाशीच बसली. मी आईबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मिल नहीं पाई." पोचायच्या आदल्या संध्याकाळी सगळं आटोपलं होतं.

तिने पुडी उघडली. जगन्नाथाचा प्रसाद, पापुद्र्यांचा खाजा, प्रवासात थोडा चुरलेला. मी हात पुढे करायला बिचकले, तिला वाटलं मी विटाळ वगैरे मानते की काय. ती घाईने म्हणाली, "यह सब कोई खा सकता है, दीदी. इसमें अपना-पराया नहीं होता." मग म्हणाली, त्या दिवशी सगळे नाचण्यात होते, मोबाइलही खोटं सांगत होता, खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुमचे साहेब बॅग घेऊन धावले. गावी सगळ्यांना मी हे सांगितलं.

तिने गावी, आईच्या दहाव्याला जमलेल्या लोकांत, माझं नाव चांगुलपणाने घेतलं होतं. मी तो खाजा तिच्यासमोर खाल्ला, कारण ती मी खाईपर्यंत पाहत होती. गोड होता. घशाखाली उतरताना मला स्वतःची किळस आली. तरीही तिला मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ती खाली वाकून पाया पडून गेली, तिच्याहून मी वयाने मोठी ना.

ती गेल्यावर मी मोबाइल घेतला. मुलगी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होती. मी अ‍ॅप उघडलं, आमचा थांबा निवडला. पुढच्या श्रावणाचे दिवसही त्या पोरांनी भरून ठेवले होते, आणि पांडेसऱ्यापुढे कानबाईची जागा मोकळी होती. चष्मेवाल्याने या खेपेला खात्री झाल्याशिवाय काही भरायचं नाही असं ठरवलं असावं. मी मोबाइलवरच पुढच्या वर्षाचं मराठी पंचांग पाहून सोमवार लिहिला. कारण लिहिलं : कानबाईचं विसर्जन, सकाळपासून रस्ता बंद. नावाच्या जागी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

खाली तो प्रश्न आला. 'तुम्हाला हे कसं माहीत?'

मी लिहिलं : आमच्या घरी कानबाई बसते. मी तिला डोक्यावर घेते.

हात बटणाकडे गेला होता. तो थांबवून आणखी एक ओळ लिहिली : मला गेल्या वेळीही माहीत होतं.

मग बटण दाबलं. आतल्या खोलीत मुलीचा फोन वाजला. दुरुस्ती आली की ग्रुपमधल्या सगळ्यांचे फोन तसेच वाजतात. मी पुडी घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. मग ती बाहेर आली, माझ्या हातातल्या पुडीतून तिने खाज्याचा एक तुकडा उचलला आणि विचारलं, "कोणी दिला, माय?"